गाडी तेल खाते म्हणे

"मॅडम चालवतात ना आता, म्हून."

मिस्त्री हे माझ्या वडिलांना सांगत होता. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते. बॉनेट उघडं होतं, गाडी माझी होती, ती चालवत तिथवर मीच आणली होती. आणि तो माझ्याकडे पाठ करून वडिलांना समजावत होता की बाईमाणूस गाडी चालवतं तेव्हा नको त्या गिअरवर इंजिन ताणतं, मग पिस्टनच्या रिंगा जातात, मग इंजिन तेल खायला लागतं. वडील मान हलवत होते. त्या मान हलवण्याचा राग मला अजून आहे. मिस्त्रीचा तेवढा नाही.

मी जनावरांची डॉक्टर आहे. बीबी गावात वडिलांच्या घरी राहते. नोकरी सरकारी दवाखान्यात, पण अर्धा दिवस गाडीतच जातो. साखरखेर्ड्याकडच्या एखाद्या गावातून फोन येतो की म्हैस अडली आहे, की निघायचं. लग्न केलं नाही, त्यावर इथं काही सांगायचं नाही. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. वडील हायस्कूलला गणित शिकवायचे. निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी डिझेलची गाडी घेतली आणि पंधरा वर्षं स्वतः चालवली, स्वतः धुतली, कुणाला हात लावू दिला नाही. पुढे एका डोळ्यानं नीट दिसेना. तेव्हा नव्यानं पासिंग करून त्यांनी गाडी माझ्या नावावर केली. देण्याआधी आठ दिवस मिस्त्रीकडे ठेवून तिचं सगळं काम करून घेतलं. टायमिंगचा पट्टा बदलला, हेडचं पॅकिंग बदललं, बारीकसारीक गळती काढली.

"तुले काई पाहायचं काम नाही आता," म्हणाले. "नवी समज."

हा मिस्त्री म्हणजे त्यांचा जुना विद्यार्थी. दहावीत गणितात नापास झाला होता आणि वडिलांनी त्याला उन्हाळाभर घरी बोलावून शिकवलं होतं. तो पास झाला, पुढे गॅरेज टाकलं. त्याच्याबद्दल वडील फार अभिमानानं बोलत. माझा विद्यार्थी आहे, खोटं बोलायचा नाही, हे मी किती वेळा ऐकलं असेल त्याला हिशेब नाही.

गाडी माझ्याकडे आली आणि दोन आठवड्यांत तेल कमी व्हायला लागलं. डिझेल नव्हे, इंजिनात असतं ते ऑइल. ते मोजायला एक लांब पातळ पट्टी असते, तिला गॅरेजमध्ये गेज म्हणतात. नळीतून उपसायची, पुसायची, परत पूर्ण आत घालायची, काढून पाहायची. टोकाजवळ दोन खुणा असतात. तेल त्या दोन्हींच्या मध्ये हवं. वडिलांनी ही सवय मला लहानपणीच लावली होती. गाडी सपाट जागेवर हवी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली हवीत. मी तसंच पाहत असे. तर खालच्या खुणेच्याही खाली तेल. मी वरच्या खुणेपर्यंत भरलं. चार दिवसांनी पाहिलं तर परत निम्म्यावर.

हजार किलोमीटरला दीड लिटरच्या वर तेल जायला लागलं. मागच्या सीटखाली औषधांच्या पेटीशेजारी तेलाचा डबा कायमचा आला. चढाला लागलं की मागून निळसर धूर निघे. एकदा एका गावात गोठ्यासमोर गाडी उभी केली तर तिथला माणूस हसत म्हणाला, "मॅडम, फवारणी करून राह्यल्या काय?" मी हसले नाही. त्याची गाय तपासली आणि निघाले.

मग मिस्त्रीकडे नेली. तिथं ते वाक्य ऐकलं.

त्यानं इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण उघडलं. आतून वाफ भकभक बाहेर आली. "पाहा सर, बॅक मारून राह्यलं, खालची वाफ उलटी येऊन राह्यली. रिंगा गेल्या. इंजिन खोला लागते."

"खोला लागन तं खोलू," वडील म्हणाले.

मी विचारलं, "नुसत्या झाकणावरून कसं कळतं? दुसरं काही असेल तर? कुठून गळत असेल, टर्बोतून जात असेल."

मिस्त्रीनं वडिलांकडे पाहिलं. वडील मला म्हणाले, "त्याले समजते बाई. वीस वर्षं झाले त्याले हे करून."

मलाही वीस वर्षं झाली होती. वेगळ्या कामात, पण वीसच. कुणी गाय आणतो आणि म्हणतो, खात नाही, पोट बिघडलं. मी पोट पाहतेच, पण आधी तोंड उघडून पाहते. जिभेखाली तारेचा तुकडा रुतलेला मी स्वतः काढला आहे. मालकाचं ऐकायचं, पण मालक म्हणाला म्हणून पोट फाडायचं नाही. हे मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं आणि ते मी कधी विसरले नाही. इथं मात्र मी गाडीचा आजार नीट पाहायच्या आधीच सगळ्यांनी पोट फाडायचं ठरवून टाकलं होतं. आणि कारणही ठरलं होतं. कारण मी.

पंधरा वर्षं एका माणसानं चालवली, काही झालं नाही. बाईच्या हातात आली आणि दोन आठवड्यांत इंजिन बसलं. गावात हे पसरायला कितीसा वेळ लागतो. किराणा दुकानात विचारलं गेलं, विहारात विचारलं गेलं. "सरांची गाडी कशी होती, नाही?" असं माझ्याच तोंडावर म्हटलं गेलं. म्हणजे आता ती गाडी मेली, आणि मारणारी समोर उभी.

मी ठरवलं, मीच पाहीन. एक वही केली. रोज सकाळी गाडी अंगणातल्या फरशीवर, तिथं जमीन सपाट आहे, गेज काढायची, पट्टीवर तेल कुठवर आलं ते लिहायचं, शेजारी किलोमीटर लिहायचे. वडील आत चहा पीत पाहायचे.

"लिहून काई होते का?" एकदा म्हणाले.

मी त्या दिवशीचा आकडा लिहिला.

गळती आधी पाहिली. सलाइनच्या खोक्यांचे मोठे पुठ्ठे फाडून इंजिनाखाली पसरले आणि शनिवार-रविवार गाडी हलवली नाही. पुठ्ठा कोरडा. रेडिएटरचं पाणी पाहिलं, त्यावर तेलाचा तवंग नव्हता. पाण्यात तेल जात नव्हतं, जमिनीवर पडत नव्हतं. म्हणजे जळत होतं, धूर तेच सांगत होता. पण जळायच्या जागेपर्यंत जात कुठून होतं? इंजिनातली वाफ बाहेर काढणारी एक रबरी नळी असते, ती हवेच्या पाइपात जाऊन मिळते. ती सोडून पाहिली. आतून तेलानं नुसती भिजलेली, वाकवली तर धार लागली. नळी धुऊन परत लावली. आठ दिवसांनी पुन्हा तशीच. मोबाइलवर पाहून पाहून डोळे दुखले. कुणी सांगे नळी तुंबली आहे, कुणी सांगे रिंगा, कुणी सांगे टर्बो. नळी तुंबलेली नव्हती, मी फुंकून पाहिली होती. टर्बो म्हणजे इंजिनात हवा ढकलणारा पंखा, तो बोटानं हलवून पाहिला, त्यात ढिलेपणा नव्हता.

वहीत एक गोष्ट मात्र दिसत होती आणि तिचा अर्थ मला लागत नव्हता. तेल भरलं की पहिल्या दोनशे किलोमीटरमध्ये ते भराभर उतरे. मग हळू. मग आणखी हळू. रिंगा गेल्या असतील तर इंजिनानं रोज सारखंच तेल खायला हवं. भरलं की अधाशासारखं आणि पुढे बेतानं, असं कसं? मी ते पान वडिलांना दाखवायला गेले. गणिताचा माणूस आहे, आकडे पाहील असं वाटलं. त्यांनी वही हातात घेतली, चष्मा शोधला, सापडला नाही, आणि वही परत दिली.

"मिस्त्रीले दाखव," म्हणाले.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी दुपारी घरी आले तर ओसरीवर मिस्त्री बसलेला. समोर चहा. वडील खुर्चीत. गाडी अंगणात लावून मी उतरले तेव्हा दोघांचं बोलणं संपत आलं होतं.

वडील म्हणाले, "उद्या गाडी घेऊन जाईन तो. पंधरा दिवस लागतीन. तू तोवर एसटीनं जाय."

"कशाला?"

"इंजिन खोलायले. ठरलं आमचं."

मी पिशवी खाली ठेवली. "कुणाचं ठरलं?"

"आमचं म्हंजे... त्यानं पाह्यलं ना."

"गाडी कुणाच्या नावावर आहे, बाबा?"

मिस्त्री उठायला लागला. मी त्याला बस म्हटलं. तो बसला. मला आठवतं की माझा आवाज थंड होता, जनावर लाथ मारायच्या बेतात असतं तेव्हा मी लावते तसा.

"काऊन ओरडून राह्यली?" वडील म्हणाले.

"मी ओरडत नाहीये. मी विचारते. महिनाभर मी रोज लिहून ठेवलं, तुम्ही एकदा वाचलं नाही. यानं एकदा झाकण उघडलं, ते तुम्हाला पटलं."

"तुले काय समजते इंजिनातलं?"

हे त्यांनी मिस्त्रीसमोर विचारलं. त्याच ओसरीवर, जिथं मला त्यांनी शिकवलं होतं की उत्तर येत नसेल तर प्रश्न पुन्हा वाच. मी बारावीला असताना जनावरांची डॉक्टर व्हायचं म्हटलं तेव्हा सगळे हसले होते, हा माणूस हसला नव्हता. जमलं असतं तर कॉलेजात एकट्यानं जाऊन माझा प्रवेशही करून आला असता. तोच माणूस आता मला विचारत होता, तुला काय समजतं.

मी गाडीतून तेलाचा डबा काढला. नुकताच आणलेला, भरलेला. ओसरीच्या पायरीवर आपटून ठेवला. "गाडी कुठंही जाणार नाही," म्हटलं, आणि परत गाडीत बसून निघून गेले. कुठं जायचं ते ठरलेलं नव्हतं. दवाखान्यात जाऊन बसले.

त्या दिवशी सकाळी गेज पाहिली होती तेव्हा पट्टीच्या फक्त टोकाला तेल लागलं होतं. म्हणजे संध्याकाळी भरायचं होतंच. पण डबा तर मी पायरीवर आपटून आले होते, आणि तो घ्यायला मी जाणार नव्हते. पायरीवरचा डबा वडिलांनीही उचलला नाही. आम्ही दोघं त्याला ओलांडून आत-बाहेर करत होतो. आमच्या घरात हे असंच चालतं, दोघांचा स्वभाव एक.

सोमवारी बुलढाण्याला बैठक होती. चिखलीमार्गे जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास किलोमीटर. शहाण्या माणसानं तेल घेतलं असतं. वाटेत दुकानं होती. मी घेतलं नाही. माझं डोकं इतकं फिरलं होतं की बसू दे इंजिन, असं मी मोठ्यानं म्हणाले, गाडीत एकटीच. आज सांगताना लाज वाटते. तरी नजर सारखी समोरच्या तेलाच्या लाल दिव्याकडे. तो पेटला असता तर तिथंच थांबले असते. पेटला नाही. बुलढाण्याला पोचले, बैठकीत कुणी काय बोललं ते ऐकलं नाही, परत आले. चढावर आरशात पाहिलं. धूर नव्हता.

मंगळवारी सकाळी गेज काढली. टोकाला तेल. शुक्रवारी होतं तेवढंच.

मी पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. तेवढंच. वही आणली. शुक्रवारपासून अडीचशे किलोमीटर, आणि तेल एक थेंब उतरलं नव्हतं. जे इंजिन दीड-दीड लिटर पीत होतं त्यानं अचानक पिणं सोडलं होतं. मी आणखी चार दिवस काही भरलं नाही. गोठ्यांमधून, कच्च्या रस्त्यांवरून, चढ-उतारांवरून फिरले. तेल तिथंच. धूर नाही.

रिंगा गेलेलं इंजिन एका रेषेवर येऊन थांबत नाही. थांबलं याचा अर्थ त्याला जेवढं हवं होतं तेवढं त्याच्याकडे होतं, आणि वरचं ते बाहेर फेकत होतं. हे मला दवाखान्याच्या पायरीवर बसून डबा खाताना सुचलं आणि मी अर्धा डबा तसाच ठेवून उठले.

गाडीचं जुनं पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं की इंजिनात फिल्टरसकट पाच लिटर तेल मावतं. मी अंगातला ॲप्रन तसाच ठेवून गाडीखाली शिरले, खालच्या चेंबरचा नट सोडला आणि सगळं तेल घमेल्यात काढलं. मग मापाच्या जगनं मोजून कॅनमध्ये ओतलं. एक, दोन, तीन, चार. पाचवा भरला. वर थोडं उरलं, आणि फिल्टरमधलं अजून वेगळंच.

पट्टी सांगत होती तेल संपलं. इंजिनात पाच लिटरच्या वर तेल होतं.

पट्टी खोटं बोलत होती. मी महिनाभर तिच्या शब्दावर त्या इंजिनात दीड-दोन लिटर जास्तीचं तेल कोंबत होते, खालचा फिरता दांडा ते घुसळून फेस करत होता, फेस वाफेच्या नळीतून हवेत जात होता आणि जळत होता. झाकण उघडल्यावर भकभक वाफ येणार नाही तर काय होईल. डिझेलच्या इंजिनात अशानं काय होऊ शकतं तेही मी नंतर वाचलं. स्वतःचंच तेल पिऊन ते सुसाट सुटतं आणि चावी काढली तरी बंद होत नाही.

पण पट्टी खोटं का बोलेल? लोखंडाची पट्टी, ती काय झिजते?

बीबीच्या स्टँडवर एक म्हातारे ड्रायव्हर आहेत. त्यांच्याकडे माझ्याच गाडीसारखी गाडी, त्याच सालाच्या आसपासची, तिच्यात ते सवाऱ्या नेतात. त्यांच्या शेळ्या माझ्याकडेच येतात. मी नवं तेल मोजून बरोबर पाच लिटर भरलं, दोन-चार दिवस गेले, आणि त्यांच्याकडे गेले.

"काका, तुमची गेज पाहू द्या जरा."

"पाहा ना. काऊन, काय झालं?"

मी त्यांची पट्टी काढली, माझी काढली. दोन्हींना वर एक कडी असते, ती नळीच्या तोंडावर टेकते. कड्या जुळवून दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या. माझी पट्टी त्यांच्या पट्टीपेक्षा दोन बोटं आखूड होती.

काकांनी माझी पट्टी हातात घेतली, उलटीसुलटी केली. "हे आपल्या गाडीचं नाही, मॅडम. हे दुसऱ्याच गाडीचं व्हय. कोण टाकलं हे?"

त्यांची पट्टी माझ्या गाडीत घालून पाहिली. तेल बरोबर वरच्या खुणेवर. काका हसायला लागले. मला हसू येईना. मी माझी पट्टी पुसून परत जागेवर घातली.

दुसऱ्या दिवशी मी वडिलांना म्हटलं, "चला."

"कुठं?"

"तुमच्या विद्यार्थ्याकडं."

त्यांनी काही विचारलं नाही. बहुतेक त्यांना वाटलं मी हरले आणि गाडी खोलायला नेते आहे. चपला घालताना चेहऱ्यावर थोडं समाधानही होतं. ते मी पाहिलं.

गॅरेजमध्ये मी बॉनेट उघडलं, पट्टी उपसली आणि मिस्त्रीच्या हातात दिली. "ही गेज कोणत्या गाडीची आहे?"

त्यानं पाहिलं. एक क्षणही विचार करावा लागला नाही त्याला. त्याचा चेहरा उतरला आणि मला कळलं की याला माहीत आहे, हा विसरलेला नाही.

"ते... तुमची जुनी काढताना तुटली होती मॅडम. हेडचं काम चाललं तेव्हा. अर्धी नळीतच राह्यली, तारेनं काढली म्या. तेव्हा गावात भेटली नाही, तं इथं गॅरेजात पडेल होती एक, ती टाकली. म्हटलं चालून जाते."

"चालून जाते?"

"थोडासा फरक पडते..."

"दोन बोटं फरक आहे. मी महिनाभर जास्तीचं तेल भरलं. तू इंजिन खोलायला निघाला होतास. मी गाडी चालवते म्हणून रिंगा गेल्या, असं तू यांना सांगितलंस. गावाला सांगितलंस."

"हे असं होईन हे ध्यानात नाही आलं मॅडम, खरंच. मले वाटलं रिंगाच."

वडील पुढे आले. ते म्हणाले, "सांगतलं काऊन नाही मले? तुटली तं तुटली."

मिस्त्री खाली पाहत म्हणाला, "तुम्ही रागावले असते, सर."

पन्नाशीला आलेला माणूस, हाताखाली काम करणारी माणसं आहेत, आणि शाळेतल्यासारखा उभा होता. त्याची दया यायला हवी होती. मला आली नाही. याच्या घाबरण्याची किंमत मी भरली होती, महिनाभर, गावभर. मी त्याला सांगितलं की योग्य पट्टी तू मागवून आणून देशील, आणि गावात ज्याला ज्याला तू माझं चालवणं सांगितलंस त्याला आता हे सांगशील. तो हाव म्हणाला. पट्टी त्यानं आठ दिवसांत दिली. दुसरं केलं की नाही, माहीत नाही.

परत येताना वडिलांनी काच खाली केली. मग म्हणाले, "भेलं असन बिचारं. माह्या धाकात होतं ते पहिलेपासून."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली.

"आणि मी?" मी म्हटलं.

"तुले काय झालं?"

"तो घाबरला तर बिचारा. मला महिनाभर सगळे बोलले, तुम्ही बोललात, त्याच्यासमोर बोललात. मी काय बिचारी नाही?"

ते म्हणाले, "तू काई बिचारी नाही," आणि ते चांगल्या अर्थानं म्हणाले होते हे मला कळलं, तरी मला ते नको होतं. मला त्यांनी चुकलो म्हणायला हवं होतं. मी वाट पाहिली. बाजूनं दोन ट्रॅक्टर गेले. ते म्हणाले नाहीत. मी गाडी चालू केली.

नंतर गाडीनं त्रास दिला नाही. हजार किलोमीटरला जेवढं जुन्या इंजिनानं खावं तेवढं, म्हणजे जवळपास काहीच नाही. मी वही बंद केली. वडिलांशी बोलणं सुरू झालं, पण जेवणापुरतं, औषधापुरतं. राग जात नव्हता. मी त्याला घालवायचा प्रयत्नही करत नव्हते.

दोन महिन्यांनी नात्यातल्या एका बाळाचं नाव ठेवायचं होतं. कार्यक्रम विहारात. मंडपात पुरुषमंडळी खुर्च्या गोल करून बसली होती आणि मी जेवणाच्या रांगेत त्यांच्या मागेच होते. कुणीतरी आपल्या जीपचं रडगाणं लावलं, तेल खाते म्हणून. वडील लगेच पुढे सरकले.

"आमच्या गाडीचं तेच झालं. सारे म्हणत, इंजिन खोला. मी हिले म्हटलं, तेल टाकू नको, पाहू काय होते. तं गेजच दुसऱ्या गाडीची निघाली!"

सगळे वाहवा करायला लागले. सर म्हणजे सर. गणिताचं डोकं.

मी ताट हातात घेऊन त्या गोलात जाऊन उभी राहिले. मला माहीत होतं की चारचौघांत बापाला असं बोलू नये. मला हेही माहीत होतं की आज गप्प राहिले तर ही गोष्ट कायमची अशीच सांगितली जाईल.

"बाबा, तुम्ही नाही म्हटलं."

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"तुम्ही इंजिन खोलायला सांगितलं होतं. तेल मी टाकलं नाही. मोजलं मी. पट्टी मी शोधली."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ते चिडतील, आणि मी त्याला तयार होते, ताट घट्ट धरलं होतं मी. ते चिडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला.

"हाव," ते म्हणाले. "खरं सांगून राह्यली ते. मी तं इंजिन खोला म्हनत होतो. हिनंच शोधलं. माह्यापाशी वही घेऊन आली होती, मी पाह्यली नाही."

मग जीपवाला माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, मंग माह्या जीपचं काय पाहू आधी?"

"खाली पुठ्ठा टाका," मी म्हटलं. "आधी गळती पाहा. झाकण उघडून कुणी काही सांगितलं तर ऐकू नका."

मला वाटत होतं की हे एकदा सगळ्यांसमोर ऐकलं की राग निघून जाईल. तसा तो गेला नाही. घरी येताना वडील मागच्या सीटवर आडवे झाले आणि झोपून गेले, आणि मला तेवढ्याचाही राग आला. पण विहारातलं जेवण चांगलं होतं. मी दोनदा वाढून घेतलं होतं.